दिलं म्हणजे नेमकं काय केलं?

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली एसटी अर्धापूर सोडते आणि थोड्या वेळाने वारंगा फाट्याला लागते. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावरून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेडमार्गे यवतमाळकडे वळतो. फाट्यावर उभ्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचल्या तरी इथला भूगोल समजतो. एमएच ३८ म्हणजे हिंगोली, २६ म्हणजे नांदेड, २९ म्हणजे यवतमाळ. गाड्या जशा तीन जिल्ह्यांच्या, तशा सोयरिकीही. आणि सोयरीक मोडली की हिशेबाला बसायलाही फाटा सोयीचा, कारण तो ना मुलाच्या दारात असतो, ना मुलीच्या.

समजा, इथल्या एका चहाच्या टपरीमागे अशीच बैठक बसली आहे. साखरपुडा झाला, तारीख धरली, आणि मग मोडलं. का मोडलं याची दोन्हीकडची कहाणी वेगळी आहे, ती आपण बाजूला ठेवू. बाकड्यावर एक कापडी पिशवी आहे. तिच्यात लाल डबीतली सोन्याची अंगठी, घडी मोडलेली पैठणी, चांदीचे पैंजण आणि काच तडकलेला मोबाइल. बाहेर बाभळीखाली एमएच ३८ची स्कूटी उभी आहे, तीही याच हिशेबातली. मुलाच्या मामांच्या खिशात दुसरं सामान आहे: मुलीच्या वडिलांनी जावयाला घातलेली अंगठी आणि घड्याळ.

“पाव्हणे, मोडलं ते मोडलं. आमच्या पोरानं दिलेलं तेवढं परत करा.”

“दिलेलं परत मागायचं असतं का, मामा? आन् मागायचंच असंल तर साखरपुड्याच्या जेवणाचं बी बोला.”

दोघेही एकच क्रियापद वापरतात: दिलं. भांडण त्याच शब्दात दडलेलं आहे. मराठीत आपण वाढदिवसाला मोबाइल देतो, साखरपुड्याला अंगठी देतो, आणि गावाला जाताना शेजारणीकडे पाटल्याही देतो. तिन्ही ठिकाणी ‘दिलं’च, पण कायद्याच्या लेखी ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्यात वस्तू सोडून दिली, दुसऱ्यात एका गोष्टीच्या भरवशावर दिली, तिसऱ्यात सांभाळायला दिली. नातं तुटल्यावर वस्तू कुणाची, याचं उत्तर कोण जास्त दुखावलं यावर ठरत नाही. देताना या तिन्हींपैकी कोणतं ‘दिलं’ होतं, यावर ठरतं.

सोडून दिलं

भारतातला दानाचा पायाभूत कायदा म्हणजे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. कलम १२२ सांगतं की स्वखुशीने, मोबदल्याशिवाय, अस्तित्वात असलेली मालमत्ता दुसऱ्याला दिली आणि त्याने ती स्वीकारली, की दान पुरं झालं. स्वीकार देणाऱ्याच्या हयातीतच व्हायला हवा. कलम १२३ रीत सांगतं. जमीन किंवा घर असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि किमान दोन साक्षीदार लागतात. जंगम वस्तू असेल तर हातात दिली तरी पुरे. अंगठी, मोबाइल, पैंजण ही सगळी जंगम मालमत्ता. म्हणजे वाढदिवसाला पाकीट तिच्या हातात पडलं आणि तिने ते हसून उघडलं, त्या क्षणी मालक बदलला.

आणि एकदा बदलला की देणाऱ्याच्या मनावर तो पुन्हा बदलत नाही. कलम १२६ इथे फार स्पष्ट आहे: ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशा अटीवर दिलेलं दान त्या अटीपुरतं कायद्यात टिकतच नाही. दान मागे फिरण्याच्या वाटा दोनच. एक, देणारा आणि घेणारा यांनी आधीच ठरवलेली एखादी घटना, जी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. दुसरी, फसवणूक, जबरदस्ती, दबाव अशी कारणं, ज्यांमुळे एखादा करारही रद्द झाला असता. प्रेम आटलं, हे या यादीत नाही.

मुस्लिम कायद्यातल्या हिब्याला कलम १२९ने या प्रकरणातून वगळलं आहे. तिथे घोषणा, स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टींनी दान पुरं होतं. हनफी परंपरेत काही हिबे न्यायालयाच्या हुकमाने मागे घेता येतात, पण नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला दिलेला आणि ताबा झालेला हिबा मागे घेता येत नाही.

‘दिलेलं परत’ हा वाद नवा नाही. मनूपासूनच्या स्मृतिकारांनी खटल्यांचे जे अठरा विषय मानले, त्यांत दिलेलं परत घेण्याचा विषय स्वतंत्र आहे. नारदस्मृतीत त्याचं नाव दत्ताप्रदानिक. नारदाने ‘न दिल्यासारख्या’ दानांचे सोळा प्रकार मोजले आहेत: भीतीने दिलेलं, रागाच्या भरात दिलेलं, शोकात दिलेलं, लाच म्हणून दिलेलं, थट्टेत दिलेलं, नशेत दिलेलं, बालकाने दिलेलं. आजच्या कायद्यातले दबाव, फसवणूक आणि अज्ञान यांचे हे पूर्वज. प्रेमात दिलेलं नंतर पस्तावलं, हा प्रकार नारदानेही मोजलेला नाही.

सोयरिकीच्या भरवशावर दिलं

पण लाल डबीतली अंगठी वाढदिवसाची नाही. ती साखरपुड्यात, पंचवीस माणसांसमोर, लग्न होणार या भरवशावर बोटात गेली.

याज्ञवल्क्यस्मृतीत हा प्रसंग जवळजवळ फाट्यावरच्या बैठकीसारखाच आला आहे. मुलगी देण्याचं ठरवून जो कारण नसताना मागे फिरतो त्याला दंड, आणि समोरच्याचा खर्च व्याजासह भरून देण्याची जबाबदारी. लग्नाआधी मुलगी वारली तर मुलाकडच्यांनी दोन्ही बाजूंचा खर्च वळता करून आपण दिलेलं परत न्यावं. म्हणजे दोन वेगळे हिशेब: वस्तूंचा आणि खर्चाचा. टपरीमागचे मामा आणि पाव्हणे नेमके हेच दोन हिशेब एकात कालवताहेत. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली. ती राजधानी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी शेजारचं. पुढे भारताच्या बऱ्याच भागात हिंदू कायद्याचा आधार ठरलेला ग्रंथ आपल्या शिवेवर लिहिला गेला.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात या प्रश्नाला एक मजेदार उत्तर दिलं होतं. वाङ्‌निश्चयानंतर दोघांपैकी कुणी वारलं, तर चुंबन झालेलं असल्यास निम्म्या भेटी वधूकडे राहाव्यात. झालेलं नसल्यास सगळ्या परत. आजच्या जर्मनीत लग्न ठरून मोडलं तर एकमेकांना दिलेल्या भेटी परत मागता येतात, तसं तिथल्या नागरी संहितेत लिहिलेलंच आहे. इंग्लंडने १९७० साली उलटी वाट धरली: साखरपुड्याची अंगठी कायमची भेटच समजायची, ‘लग्न झालं तरच तुझी’ अशी अट होती असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयासमोर सत्तर हजार डॉलरच्या अंगठीचा खटला गेला. तिथे आधी ‘लग्न कुणामुळे मोडलं’ हे पाहून अंगठी कुणाची ते ठरत असे. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यायालयाने तो नियम सोडला. चूक कुणाची ते विचारायचंच नाही. लग्न झालं नाही, अंगठी देणाऱ्याकडे परत.

आपल्याकडे साखरपुड्याच्या अंगठीसाठी वेगळं कलम नाही. सोयरीक मोडली म्हणून कुणाला बोहल्यावर उभं करता येत नाही, नुकसानभरपाई मात्र मागता येते, हे एकोणिसाव्या शतकातच इथल्या उच्च न्यायालयांनी मान्य केलं होतं. वस्तूंसाठी वकील दोन आधार घेतात: कलम १२६मधली आधीच ठरलेली अट, आणि करार कायद्याचं कलम ६५, ज्यानुसार करार निष्फळ ठरला की त्यातून मिळालेला लाभ परत करावा लागतो. दोन्हींचा गाभा पुराव्यात आहे. अंगठी लग्नापोटी दिली होती हे साखरपुड्याच्या फोटोवरून, हळदी-कुंकवाच्या ताटावरून, साक्षीदारांवरून दाखवता येतं. साखरपुड्याच्या आठ महिने आधी वाढदिवसाला दिलेल्या मोबाइलबद्दल तसं दाखवणं अवघड.

आणि न्याय दोन्हीकडून सारखा. मुलाची अंगठी परत जायची असेल, तर मामांच्या खिशातली जावयाची अंगठी आणि घड्याळही परत जायला हवं. बैठकीत हे वाक्य बहुधा कुणी बोलत नाही.

सांभाळायला दिलं

लग्न होऊन मोडलं तर प्रश्न बदलतो. आता वाद एका अंगठीचा नसतो. कपाटाचा, लॉकरचा, सासूच्या पेटीचा असतो. इथे तिसरं ‘दिलं’ येतं.

माहेरहून आलेलं सोनं सासरी पोचलं की ते ‘घरचं’ होतं, असा समज अजून पक्का आहे. एकेकाळी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानेही जवळपास तसंच म्हटलं होतं. १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडून काढलं. स्त्रीधनाची मालकीण ती बाई एकटीच. सासरचा उंबरठा ओलांडल्याने ते नवरा-बायकोचं सामाईक होत नाही. नवऱ्याकडे किंवा सासूकडे ते असतं ते ठेव म्हणून. मागितल्यावर न देणं म्हणजे विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा. १ जुलै २०२४पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६मध्ये आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते.

स्त्रीधनात काय येतं? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६च्या कलम १४ने यादी मोठी ठेवली आहे: लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर, नातेवाइकाने किंवा परक्यानेही दिलेली भेट. म्हणजे माहेरच्या पाटल्या जितक्या तिच्या, तितकीच सासऱ्याने तोंड पाहताना घातलेली ठुशीही तिची. मुस्लिम स्त्रीसाठी १९८६चा घटस्फोटानंतरच्या हक्कांचा कायदा हेच सांगतो: नातेवाईक, मैत्रिणी, नवरा आणि सासरचे, यांनी लग्नाआधी, लग्नात वा नंतर दिलेली मालमत्ता तिची.

याज्ञवल्क्याने नवऱ्याला एक सूट दिली होती. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद अशा प्रसंगी बायकोचं स्त्रीधन वापरलं तर ते परत करायची सक्ती नाही. आता एप्रिल २०२४चा निकाल पाहा. केरळमधल्या एका बाईंनी लग्नात मिळालेलं ८९ पवन सोनं पहिल्याच रात्री ‘सांभाळण्यासाठी’ सासूकडे गेलं आणि सासरच्यांचं कर्ज फेडण्यात संपलं, अशी तक्रार केली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याचं कर्तव्य आहे. स्त्रीधन ही सामाईक मालमत्ता नाही. भरपाई ठरली २५ लाख रुपये. याज्ञवल्क्याची अडचण मान्य झाली, सूट मात्र गेली.

हा हक्क बापाकडेही जात नाही. ऑगस्ट २०२४चा एक निकाल पाहा: तेलंगणातल्या एका वडिलांनी मुलीच्या घटस्फोटानंतर तिच्या पूर्वीच्या सासरकडून दागिने मागितले होते. न्यायालयाने विचारलं, मुलीने तुम्हाला तसं सांगितलं आहे का? नव्हतं. गुन्हा रद्द झाला. दागिने मुलीचे असतील तर मागायचे की सोडायचे, हेही तीच ठरवणार.

कोर्टात जाण्याच्या वाटाही वेगवेगळ्या आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५नुसार न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत देण्याचा हुकूम करू शकतात, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या बाईलाही या कायद्याचं दार उघडं आहे. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायिक विभक्ततेनंतरही हा हक्क टिकतो, आणि स्त्रीधन अडवून ठेवणं हा रोज घडत राहणारा गुन्हा आहे. घटस्फोटाच्याच खटल्यात दोघांच्या सामाईक वस्तूंची वाटणी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७खाली होते. कलमात शब्द आहेत ‘लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास’. महाराष्ट्रातूनच गेलेल्या कदम विरुद्ध कदम खटल्यात, १९९७ साली, न्यायालयाने तो सुमार रुंद केला: लग्नाआधी किंवा नंतर दिलेली वस्तूही त्यात येते, फक्त तिचा संबंध लग्नाशी असायला हवा.

“घातलं होतं, दिलं नव्हतं”

सासरकडून या सगळ्यावर एक हुकमी वाक्य येतं. “डोरलं, पाटल्या आमच्या घराण्याच्या. सुनेच्या अंगावर घातल्या होत्या, दिल्या नव्हत्या.” कधी हे खरंही असतं: सणाला पेटीतून निघालेला सासूचा हार सुनेने दोन तास मिरवून परत दिलेला असतो. कधी ते वाद पेटल्यावर सुचलेलं असतं. खरं-खोटं ठरवायचं तर बिल कुणाच्या नावाचं, फोटोत कुणी कुणाला काय घातलं, नंतर दागिना कुणाच्या ताब्यात होता, हे पाहावं लागतं.

यावरचा उपाय आपल्याकडे नावाने आधीपासून आहे. सुपारी फुटली की ‘याद्या’ होतात. लग्न कुणाच्या दारात, जेवण कुणाकडे, मानपान किती, हे पंचांसमोर कागदावर उतरतं आणि खाली सह्या होतात. त्याच बैठकीत सगळे राजी झाले तर ‘यादी पे शादी’सुद्धा उरकते. १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली जे नियम आले, तेही एक यादीच मागतात: लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची. भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू-वर दोघांच्या सह्या. वधूच्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराच्या भेटींची वराने.

आपल्या यादीत भांडी, कपडे, वऱ्हाडाच्या गाड्या सगळं येतं. ही दुसरी यादी मात्र फार थोड्या घरांत लिहिली जाते. आहेराच्या वहीत कुणी किती पाकीट दिलं ते शंभर रुपयांपर्यंत उतरतं, कारण ते परत फेडायचं असतं. चार तोळ्यांच्या पाटल्या कुणाच्या, याची ओळ कुठेच नसते. याच कायद्याचं कलम ६ आणखी पुढे जातं. हुंडा म्हणून जे दुसऱ्याच्या हाती गेलं, तेही तीन महिन्यांत त्या बाईच्या नावे करावंच लागतं. हुंडा घेणं गुन्हा आहे, आणि घेतलेलं ठेवून घेणं हा दुसरा गुन्हा.

गाडी, पैसे, प्लॉट

काही वस्तू मात्र कागदासकट येतात. बाभळीखालच्या स्कूटीचं आरसी बुक मुलीच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्यात नोंद ज्याच्या नावावर, मालक तो. पैसे मुलाने भरले हे खरं असेल, पण गाडी तिच्या नावे घेऊन किल्ली तिच्या हातात दिली, हेही खरं. परत हवी असेल तर ती लग्नापोटीच दिली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. उलट, आरसी त्याच्या नावावर असून ती नुसती चालवत असती, तर पारडं त्याच्याकडे झुकलं असतं.

फोनवरून पाठवलेल्या पैशांचं तसं नाही. खात्यातून खात्यात पैसे गेले एवढंच त्यातून दिसतं. भेट की उसने, हे दिसत नाही. तिने “फी भरली की पुढच्या महिन्यात परत करते” असं लिहिलेलं असेल, तर ते कर्ज आणि तीन वर्षांच्या मुदतीत मागता येईल. “घे, तुझ्यासाठी” असं त्याने लिहिलं असेल, तर ती भेट. हे संदेश कोर्टात चालतात, पण नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मोडल्यावर चिडून चॅट पुसू नये.

जमीन-घराचं दान सगळ्यांत पक्कं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस द्यायला २०० रुपये मुद्रांक शुल्क लागतं. स्वस्त आहे म्हणून घाई करू नये. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र पुढे घटस्फोट झाला म्हणून आपोआप रद्द होत नाही. लग्न न झालेल्या मैत्रिणीच्या नावावर आपल्या पैशांनी, पण मनात ‘खरा मालक मीच’ असं ठेवून प्लॉट घेतला, तर आणखी मोठी अडचण. बेनामी व्यवहाराच्या कायद्यात बायको आणि मुलांच्या नावे केलेल्या खरेदीला सूट आहे, प्रेयसीच्या नावे केलेल्याला नाही. ‘प्लॉट माझाच’ असा दावा करायला कोर्टाचं दार उघडतच नाही.

हक्क असला तरी तो हिसकावून बजावता येत नाही. तिच्या हातातून मोबाइल ओढून घेणं, रात्री अंगणातून स्कूटी ढकलत नेणं, किंवा जुने फोटो दाखवून अंगठी मागणं, यातून दिवाणी हक्काचा फौजदारी गुन्हा होतो, आणि मागणाराच आरोपी ठरतो.

पिशवी उघडू या

आता टपरीमागच्या बाकड्यावर परत येऊ. चहा थंड झाला आहे, आवाजही थोडे खाली आले आहेत. पिशवीतलं एकेक सामान काढू.

लाल डबीतली अंगठी, पैंजण आणि पैठणी साखरपुड्याच्या ताटातली, लग्नापोटीची, ती मुलाकडे. नेसलेली पैठणी घेऊन तो तरी काय करणार, हा प्रश्न कायद्याचा नाही, तो मामांनी सोडवावा. मामांच्या खिशातली अंगठी आणि घड्याळ त्याच न्यायाने मुलीच्या वडिलांकडे. मोबाइल वाढदिवसाचा, साखरपुड्याच्या आठ महिने आधीचा. तो मुलीचा, तडकलेल्या काचेसकट. स्कूटी, निदान आजच्या कागदांवर, मुलीची. जेवणाचा खर्च ही भेटच नव्हे. तो नुकसानभरपाईचा वेगळा हिशेब. आणि तिथे मात्र कुणामुळे मोडलं हे विचारावं लागेल, म्हणून तो आज या पिशवीत टाकू नये.

राहिला एक कागद. ज्या वस्तू ज्याच्याकडे गेल्या त्यांची यादी, तारीख, दोन्हीकडच्या सह्या, आणि मुलगा-मुलगी दोघांच्याही, कारण वस्तू त्यांच्या आहेत. साखरपुड्याच्या वेळी ही यादी लिहिली असती तर आज बैठक दहा मिनिटांत उठली असती. तेव्हा वही होती, पेन होतं, लिहिणारे गुरुजीही होते. त्यांनी पाने, सुपाऱ्या आणि नारळ मोजून लिहिले, आणि अंगठीपाशी सगळे फोटो काढायला उठले.